आठवड्याचे नवे गाणे : ऐकावे कसे, सुचवावे कसे

प्रिय विद्यार्थी मित्रांनो, पालक बंधु-भगिनींनो आणि आदरणीय विश्वस्त मंडळी,



या वर्षी जूनपासून आपल्या संतपूरच्या शाळेत दर शनिवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर ‘आठवड्याचे नवे गाणे’ हा पंधरा मिनिटांचा उपक्रम चालू आहे. एक विद्यार्थी नुकतेच आलेले एखादे गाणे निवडतो, ते सर्वांना ऐकवतो, आणि ते का ऐकावे किंवा का ऐकू नये हे स्वतः लिहून आणून मराठीत वाचून दाखवतो. त्याचे लिखाण आठवडाभर फलकावर राहते. उपक्रम एवढाच आहे. परंतु त्यावर जितकी चर्चा झाली तितकी परीक्षेच्या निकालावरही झाली नाही. काही पालकांनी प्रत्यक्ष येऊन नापसंती सांगितली, काहींनी मुलांच्या हाती चिठ्ठी पाठवली. विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही प्रश्न निघाला, की मराठी टिकावी म्हणून चालवलेल्या शाळेत सिनेमाची गाणी कशासाठी? दसऱ्याच्या सुट्टीनंतरच्या बैठकीत हा उपक्रम पुढे चालवायचा की बंद करायचा हे ठरणार आहे. त्यापूर्वी आमची बाजू, आणि आमच्या हातून झालेल्या चुकाही, सर्वांपुढे ठेवाव्यात म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. लेखात कुठे हिंदीचा वास आला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सुरुवात कशी झाली

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेत सातवीच्या मराठीच्या पेपरात ‘माझी आवड’ या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. बहुतेक मुलांनी गुलाबाचे फूल किंवा वाचन हीच आवड लिहिली होती. वाक्येही जवळजवळ सारखी होती, गाइडमधून पाठ केलेली. त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत व्हरांड्यात त्याच वर्गातल्या चार मुलांचे भांडण कानावर आले. भांडणाचा विषय होता एक नवीन गाणे. एकाचे म्हणणे, सुरुवातीची हलगी झकास आहे पण पुढे गाणे पडते. दुसऱ्याचे म्हणणे, चाल जुन्याच गाण्याची आहे, नुसता ठेका वाढवला आहे. एक मुलगी म्हणत होती, तुम्ही शब्द ऐकतच नाही. प्रत्येकाजवळ मत होते, मताला कारण होते, आणि समोरच्याला ते पटवून देण्याची धडपड होती. भाषेच्या शिक्षकाला आणखी काय हवे? मग हे भांडण वहीत का उतरत नाही, हा प्रश्न आमच्या मनात राहिला.

आपल्या भागाची स्थिती आपणांस विदितच आहे. घरात मराठी, बाजारात मराठी आणि कन्नड, कचेरीत कन्नड, टीव्हीवर हिंदी, तांड्यावर लंबाणी. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आला. राज्ये बदलली तरी घरातली मराठी राहिली. पण ती बोलण्यापुरती राहते आणि लिहिण्यातून हळूहळू जाते, ही आमची खरी काळजी आहे. आपल्या मुलाला स्वतःचे मत मांडण्याइतकी मराठी लिहिता आली नाही, तर शाळेच्या पाटीवरच्या मराठीचा काय उपयोग?

म्हणून जिथे मुलांजवळ मत आहे तिथूनच सुरुवात करावी असे शिक्षकांच्या बैठकीत ठरले.

दर आठवड्याची निवड नवी नाही

दर आठवड्याला गाणी निवडून लोकांपुढे ठेवणे हा काही आजचा शोध नाही. आमच्या लहानपणी घरी रेडिओ नव्हता. शेजारच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर बुधवारी रात्री आठ वाजता माणसे जमत. दुकानदार काका शॉर्ट वेव्हवर काटा फिरवून रेडिओ सिलोन लावत, आणि अमीन सयानी यांचा आवाज येई. कार्यक्रमाचे नाव तोवर ‘सिबाका गीतमाला’ झाले होते, पण मोठी माणसे त्याला ‘बिनाका’च म्हणत. कोणते गाणे कोणत्या ‘पायदान’वर आहे यावर पैजा लागत. आमची खरी हिंदी तिथेच सुरू झाली असे म्हटले तरी चालेल.

हा कार्यक्रम ३ डिसेंबर १९५२ रोजी सुरू झाला. आरंभी त्यात सात गाणी लावत आणि त्यांचा योग्य क्रम श्रोत्यांनी पत्राने कळवायचा असे. बक्षीस होते शंभर रुपयांचे. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. वर्षभरात आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत पत्रे येऊ लागली. इतकी पत्रे तपासणे अशक्य झाले, तेव्हा १९५४ च्या अखेरीस क्रमवारी कार्यक्रमातच जाहीर होऊ लागली. ती ठरवण्यासाठी रेकॉर्डच्या दुकानांतील विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची मते, दोन्ही पाहिली जात. पुढे १९८९ मध्ये हा कार्यक्रम विविध भारतीवर आला आणि १९९४ पर्यंत चालला.

अमीन सयानी (१९३२ ते २०२४) यांच्या सोप्या बोलण्यामागे एक शाळेसारखीच गोष्ट आहे. त्यांच्या आई कुलसुम सयानी प्रौढ साक्षरतेचे काम करीत. नव्याने वाचायला शिकलेल्यांसाठी त्या ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालवीत. तेच सोप्या हिंदुस्तानीतले लिखाण नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापले जाई. त्या कामात अमीनभाई लहानपणापासून हातभार लावत. कोणाही माणसाला समजेल असे कसे बोलावे, हे त्यांनी तिथे शिकले. मुलांनो, ज्या भागात तीन-चार भाषा एकत्र नांदतात त्या भागातल्या माणसाने हे जरूर लक्षात ठेवावे.

परदेशातही हीच वर्षे महत्त्वाची ठरली. गीतमाला सुरू होण्याच्या तीनच आठवडे आधी, १४ नोव्हेंबर १९५२ रोजी, इंग्लंडमधील एका संगीत साप्ताहिकाने वीस-एक दुकानांना फोन करून रेकॉर्डविक्रीची पहिली यादी छापली. १९५९ पासून बीबीसीच्या दूरदर्शनवर ‘ज्यूक बॉक्स ज्यूरी’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात चार पाहुणे नव्या रेकॉर्डी ऐकत आणि गाणे चालेल की पडेल हे सांगत. आपण शनिवारी जे करतो ते याच जातीचे आहे, फक्त ‘का?’ हा प्रश्न आपण जास्त विचारतो.

मुले म्हणतात, ‘सर, नवा सिंगल आलाय.’ हा शब्द कुठून आला तेही सांगतो. पूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटेच मावत. १९४९ साली अमेरिकेत सात इंची, ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड आली, तिच्या एका बाजूवर एक गाणे. तिला ‘सिंगल’ म्हणू लागले. आपली जुनी भावगीतेही तीन मिनिटांच्या आसपास का संपतात, याचे उत्तर त्या काळ्या तबकडीत आहे. गाणे किती लांब असावे हे कवीइतकेच तबकडीनेही ठरवले.

बंदी घालून काय होते

‘असली गाणी शाळेत नकोत’ असे म्हणणाऱ्यांच्या हेतूबद्दल आम्हांला आदर आहे. पण हाच हेतू मनात धरून एक मोठा प्रयोग देशात होऊन गेला आहे.

१९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, एक मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे जाणकार. लोकांनी चांगले संगीत ऐकावे ही त्यांची तळमळ. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९५४ मध्ये रेडिओ संगीत संमेलन त्यांच्याच काळात सुरू झाले. अनेक कलावंतांना त्यामुळे आधार मिळाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच बरोबर चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जागा जवळजवळ उरली नाही. मग श्रोत्यांनी काय केले? रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला स्वतःच विविध भारती सुरू करावी लागली.

आता याच काळातली, याच आकाशवाणीची दुसरी गोष्ट पाहा. पुणे केंद्रावरील सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी दर आठवड्याला एक नवे गाणे द्यायचे ठरवले. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पहिले गाणे लागले. वर्षाच्या हिशेबाने बावन्न गाणी व्हायची, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि पुढच्या रामनवमीपर्यंत छप्पन गाणी झाली. हेच ‘गीतरामायण’. ते पुढे हिंदी, कन्नड यांसह अनेक भाषांत गेले. आठवड्याला एक नवे गाणे, वेगवेगळे गायक, आणि कान लावून वाट पाहणारी घरे. त्याच गाण्यांचे शब्द आज सत्तर वर्षांनीही आपल्या गावातील आजी-आजोबांच्या ओठांवर आहेत.

तात्पर्य काय? नको ते ऐकू नका म्हणून सांगण्याने कान बंद होत नाहीत. चांगले काय ते निवडून समोर ठेवावे लागते, आणि ते चांगले का, हे समजावून द्यावे लागते. शाळेने पंधरा मिनिटांचे गाणे बंद केले म्हणून मुलांच्या कानावरचे गाणे थांबणार नाही. गाण्याबद्दल विचार करण्याची जागा मात्र नक्की जाईल.

निवड कोणाची? आमची पहिली चूक

पहिल्या शनिवारी आम्ही मुलांना चिठ्ठ्या वाटल्या आणि आवडत्या नव्या गाण्याचे नाव लिहून पेटीत टाकायला सांगितले. सर्वांत जास्त मते ज्याला ते आठवड्याचे गाणे, असा साधा हिशेब. मिरवणुकीत डीजेवर वाजणारे एक गाणे प्रचंड मतांनी निवडून आले. चिठ्ठ्या मोजताना बाईंच्या लक्षात आले की निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांवर अक्षर दोघा-तिघांचेच आहे. मोठ्या वर्गातल्या मुलांनी लहान मुलांच्या कोऱ्या चिठ्ठ्या गोळा करून भरल्या होत्या.

आम्ही त्यांना रागावलो नाही असे नाही. पण नंतर वर्गात बसवून अमेरिकेतली गोष्ट सांगितली. तिथे १९५९-६० साली उघड झाले की रेडिओवर गाणी लावणारे काही निवेदक रेकॉर्ड कंपन्यांकडून पैसे घेऊन ठरावीक गाणी वारंवार वाजवत होते. प्रकरण संसदेपर्यंत गेले आणि कायद्यात बदल करावा लागला. लोकांना वाटत होते, हे गाणे सर्वांना आवडते म्हणून लागते. खरे तर ते वारंवार लागत होते म्हणून आवडू लागले होते. मुले गप्प झाली. एकजण म्हणाला, ‘सर, आम्ही पैसे नाही घेतले.’ आम्ही म्हणालो, ‘पैसे नाही घेतले, पण दुसऱ्याचे मत तर घेतले ना?’

तेव्हापासून मते घेणे बंद केले. आता हजेरीच्या क्रमाने एकेकाची पाळी येते. गाणे एकाने निवडायचे, जबाबदारीही त्याचीच. दोन मुले त्यावर प्रश्न विचारतात.

आजच्या निवडीबद्दलही थोडे सांगायला हवे. आता निवेदक नाही, मोबाइलच पुढचे गाणे सुचवतो. हे कसे चालते? तुम्ही काय लावले, किती वेळ पाहिले, कुठे सोडले याची नोंद यंत्र ठेवते आणि तुमच्यासारख्या इतरांनी काय पाहिले त्यावरून पुढचे गाणे काढते. २०१२ साली यूट्यूबने नुसत्या पाहणाऱ्यांच्या संख्येऐवजी किती वेळ पाहिले याला महत्त्व द्यायला सुरुवात केली. स्पॉटिफायवर गाणे तीस सेकंद वाजले की ते एकदा ऐकले असे मोजतात. म्हणजे तीस सेकंदांच्या आत माणूस पळून जाऊ नये, ही गाणे करणाऱ्याची पहिली चिंता. अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या एका अभ्यासात दिसले, की १९८६ च्या सुमारास गायकाचा आवाज येण्यापूर्वी सरासरी वीस सेकंदांहून अधिक वाद्यसंगीत असे, ते २०१५ पर्यंत पाच सेकंदांवर आले.

आठवीच्या मुलांनी घड्याळ लावून हे स्वतः तपासले. घरच्या मोठ्यांना विचारून काही जुनी गाणी घेतली, काही या वर्षीची घेतली, आणि गायन सुरू होईपर्यंतचे सेकंद फळ्यावर लिहिले. सर्वच गाण्यांना नियम लागू पडला नाही, पण फरक डोळ्यांना दिसला. गणिताच्या गुरुजींनी त्यावरून सरासरी शिकवली.

यंत्राला गाणे चांगले की वाईट हे कळत नाही. तुम्ही थांबलात की निघून गेलात, एवढेच कळते. शिवाय जे कालपर्यंत ऐकले त्याच जातीचे ते पुन्हा देत राहते. किराणा दुकानाच्या ओट्यावर सगळ्या गल्लीची यादी एक होती. आता एका घरात चार मोबाइल आणि चार याद्या. शनिवारी निदान एक गाणे सगळी शाळा मिळून ऐकते.

आमची दुसरी चूक

ही चूक सांगताना संकोच वाटतो. जुलै महिन्यात एका मुलाची पाळी होती. त्याने येऊन विचारले, ‘सर, कन्नड गाणं आणलंय, चालंल का?’ त्याची आई कन्नड घरातली. आम्ही घाईत म्हणालो, ‘ही मराठी शाळा आहे बाळा, मराठी गाणे आण.’ तो काही बोलला नाही. त्या शनिवारी तो आला नाही, पुढच्याही शनिवारी आला नाही. कन्नडच्या गुरुजींनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, ‘सर, पोरगं मनाला लावून बसलंय.’

आम्ही विचार केला. ज्यांचे अभंग ऐकत आषाढी एकादशी जाते ते पंडित भीमसेन जोशी गदगकडचे, घरची भाषा कन्नड. त्यांनी मराठी अभंग आणि कन्नड दासरपदे सारख्याच भक्तीने गायिली, आणि कोणी त्यांना तू इकडचा की तिकडचा असे विचारले नाही. २०१६ साली ‘सैराट’ आला. अजय-अतुल यांच्या त्यातील गाण्यांवर आपली मुले नाचली. पुढच्याच वर्षी तोच सिनेमा ‘मनसु मल्लिगे’ नावाने कन्नडमध्ये आला, नायिकाही तीच, संगीतकारही तेच. गाणी बिनबोभाट सीमा ओलांडतात, आणि आम्ही मात्र शाळेच्या दारात नाका उभारला होता.

पुढच्या सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर आम्ही आमचे शब्द मागे घेतले. नियम असा केला की गाणे कोणत्याही भाषेचे चालेल, परीक्षण मात्र मराठीतच लिहावे लागेल.

त्याचा परिणाम आमच्या अपेक्षेबाहेरचा झाला. त्या मुलाच्या गाण्यात ‘नेनपु’ हा कन्नड शब्द वारंवार येत होता. त्याला मराठी शब्द हवा होता. ‘आठवण’ लिहून त्याचे समाधान होईना. आईने कन्नडमधून समजावले की ही सारखी मनात येणारी आठवण आहे. मग आजीने एक शब्द दिला, ‘सय’. त्याने परीक्षणात लिहिले, ‘या गाण्यात आठवण नाही, सय आहे. आठवण आपण काढतो, सय आपोआप येते.’ खरे सांगतो, हा शब्द आम्हीही कित्येक वर्षांत वापरला नव्हता. कन्नड गाण्याने मराठी जाते म्हणावे, तर इथे कन्नड गाण्याने एक विसरलेला मराठी शब्द शाळेत परत आला.

परीक्षण कसे लिहावे

विद्यार्थी मित्रांनो, ‘गाणे छान आहे, सर्वांनी ऐकावे’ हे परीक्षण नव्हे. लिहिण्यापूर्वी गाणे तीन वेळा ऐका. पहिल्यांदा नुसते ऐका. दुसऱ्यांदा डोळे मिटून वाद्ये आणि ताल ऐका. तिसऱ्यांदा शब्द कागदावर उतरवून ऐका. चित्रफीत पाहू नका, कारण डोळे लागले की कान झोपतात. मग पुढील प्रश्नांची उत्तरे शोधा.

१. गाणे कोणी लिहिले, चाल कोणी दिली, गायिले कोणी? पडद्यावर नाचणाऱ्याचे नाव सर्वांना ठाऊक असते, गीतकाराचे नसते. नाव शोधणे हा पहिला अभ्यास.

२. ताल कोणता वाटतो? टाळी देऊन मोजा. सहा मात्रांचा दादरा की आठ मात्रांचा केहरवा? हलगी, ढोलकी, पेटी, बासरी यांपैकी काय ओळखू येते? काय खरे वाजवलेले आणि काय यंत्रावर केलेले वाटते?

३. मुखडा लक्षात राहतो, पण कडव्यात काही नवीन सांगितले आहे का? की तीच ओळ फिरवून फिरवून गाणे भरले आहे?

४. न समजलेला एक तरी शब्द शोधा आणि त्याचा अर्थ घरच्या मोठ्यांना विचारा.

५. गाण्यात कोण बोलते आणि कोणाबद्दल बोलते? तांड्यावरून येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीने एका गाजलेल्या गाण्याबद्दल लिहिले होते, ‘ठेका इतका चांगला आहे की पाय थांबत नाहीत. पण गाण्यातला मुलगा तीन कडवी बोलतो आणि मुलीला एकदाही विचारत नाही. मला हे गाणे नाचायला चालेल, गुणगुणायला नको.’ इतके नेमके आम्हांलाही लिहिता आले नसते.

६. हे गाणे तुम्ही कोणाला सुचवाल आणि कोणत्या वेळी? शेतातून दमून आलेल्या वडिलांना? परीक्षेला घाबरलेल्या मैत्रिणीला? सुचवणे म्हणजे समोरच्याचा विचार करणे. ज्याला ऐकवायचे तो माणूस डोळ्यांसमोर नसेल, तर ती फक्त जाहिरात होते.

गाणे आवडले नाही तर तसे जरूर लिहा, पण कारण द्या. गाण्याला नावे ठेवा, ते आवडणाऱ्याला ठेवू नका. आणि पुढच्या महिन्यात मत बदलले तर तेही लिहून आणा. मत बदलणे यात कमीपणा नाही.

पालकांच्या शंका

एक काका तळमळीने म्हणाले, ‘सर, पोरगं घरी दिवसभर मोबाइलवर गाणीच बघायलंय, आता शाळेत बी तुम्ही तेच करायलाव का?’ त्यांची काळजी रास्त आहे. शाळेत मोबाइल आणायला पूर्वीप्रमाणेच मनाई आहे. गाणे कार्यालयातील संगणकावरून लावले जाते, आणि चित्र न दाखवता फक्त ऐकवले जाते. घरी गाणे तीन वेळा ऐकून लिहायला बसावे लागते, त्यामुळे एकामागून एक पन्नास गाणी सरकवण्याची सवय थोडी तरी मोडते असा आमचा अनुभव आहे.

दुसरी शंका अश्लील शब्दांची. निवडलेले गाणे गुरुवारी दोन शिक्षक ऐकतात. नाकारले तर त्याचे कारण त्या मुलाला लेखी देतात. आम्ही मुलांकडून कारण मागतो, मग आम्हीही द्यायलाच हवे.

तिसरी एसएसएलसीची. दहावीच्या मुलांना जानेवारीपासून या उपक्रमातून सूट राहील. बाकीच्यांची आठवड्याची पंधरा मिनिटे जातात. ती मराठीच्या निबंधाचीच आहेत असे आम्ही मानतो.

चौथी आवाजाची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शाळेच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र करता येते. मिरवणुकांना आपण ते सांगतो, तर आपला स्पीकरही आपल्या सभागृहापुरताच राहील.

आमची विनंती

विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती आहे की उपक्रम मार्चपर्यंत चालू द्यावा. वार्षिक परीक्षेत त्याच मुलांना, जी आता आठवीत आहेत, पुन्हा ‘माझी आवड’ हाच विषय देऊ. गेल्या वर्षीचे सातवीचे पेपर आम्ही जपून ठेवले आहेत. दोन्ही पेपर नावे झाकून मंडळासमोर ठेवू. मुलांची मराठी सुधारली नाही असे आपणांस वाटले, तर उपक्रम बंद करण्याचा ठराव आम्ही स्वतः मांडू.

पालकांना विनंती अशी, की एखाद्या शनिवारी सकाळी साडेआठला येऊन मागच्या बाकावर बसावे. महिन्याचा शेवटचा शनिवार आपण घरातल्या मोठ्यांसाठी राखून ठेवला आहे. त्या दिवशी आजी-आजोबा किंवा आई-वडील त्यांच्या तरुणपणी नवे असलेले एखादे गाणे ऐकवतील आणि ते तेव्हा का आवडले हे मुलांना सांगतील. मागच्या महिन्यात एक आजी आल्या होत्या. ‘मला रेडिओचं काही ठावं नाही, जात्यावरची ओवी म्हणते,’ म्हणाल्या. पाचवीच्या एका मुलाने त्यांना विचारले, ‘आजी, ही कोणी लिहिली?’ आजी म्हणाल्या, ‘माझ्या आईनं म्हटली, तिच्या आईनं म्हटली. जिला जे वाटलं ते तिनं जोडलं.’ त्या शनिवारी फलकावर गीतकाराच्या नावापुढे मुलांनी लिहिले, ‘पुष्कळ आया’.

पुढील शनिवारी सहावीची पाळी आहे. अवश्य यावे.



आपला,
मुख्याध्यापक